दोन्ही कान दिसले पाहिजेत

बीड जिल्ह्यात फोटो काढून आलो असं सांगितलं की पुण्यातले लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "तिथं काय आहे?" बेल्जियमला निघालो होतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथं मी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी टिपायला गेलो होतो आणि सोसायटीतल्या मंडळींनी मला 'वा वा' करत निरोप दिला होता. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून माझा हाच उद्योग आहे. लोक देश बघायला जातात; त्या देशाने आपली गेलेली माणसं कशी आठवणीत ठेवली आहेत ते बघायला मी जातो. हिरोशिमा झालं, बर्लिन झालं, कंबोडिया झालं. बायको एकदाच बरोबर आली. "पुढच्या वेळी जिवंत माणसं असतील तिथं न्या," म्हणाली, आणि त्यानंतर तिने घरीच राहणं पसंत केलं.

माझा एक नियम आहे: फ्रेममध्ये माणूस नको. दगड, आकाश, सावली, बस्स. त्यासाठी मी तिपाई लावून तासन्‌तास थांबतो. पर्यटक येतात, स्मारकाला टेकून बोटं वर करून स्वतःचे फोटो काढतात, पोराला सू करायला नेतात, परत येतात. मी दात-ओठ खात उभा असतो. शेवटी कंटाळून सगळे जातात आणि मग माझं काम सुरू होतं.

तर हे सगळं ठाऊक असूनही मिलिंदने मला बीडला नेलं. मिलिंद माझा कचेरीतला जुना सहकारी, अजून नोकरीत आहे, माणूस गोड बोलणारा. "आमच्या भागात वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड. तुम्ही जगभर हिंडता आणि हे बघितलं नाही?" असं म्हणाला. मी हुरळलो. जानेवारीतल्या एका पहाटे त्याच्या गाडीत बॅगा, तिपाई आणि थर्मास टाकून निघालो. शेवगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस आणि तुरी सुरू झाल्या, आणि आता मला परत फिरणं अवघड आहे अशी खात्री झाल्यावर त्याने खरं कारण सांगितलं.

त्याची एक आत्या आहे. कौसाबाई. दिंद्रुडपासून थोडं आत तिचं गाव. पोटात गाठ निघाली आहे, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. एक तारीख तिने हुकवली. दुसरी पुढच्या आठवड्यात आहे आणि तिची अट अशी, की आधी चांगला फोटो निघाला पाहिजे, मगच दवाखाना.

"कसला फोटो?"

"फ्लेक्सचा," मिलिंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

जे त्या भागात गेलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे कुठल्याही गावाच्या चौकात शिरलात की आधी माणसं दिसत नाहीत, फ्लेक्स दिसतात. वाढदिवस झाला, फ्लेक्स. पोरगा पोलिसात लागला, फ्लेक्स. आणि माणूस गेला की दुसऱ्या दिवशी त्याचाही फ्लेक्स, वर 'भावपूर्ण आदरांजली', मध्ये फोटो, खाली घरच्यांची नावं. आत्याला स्वतःच्या त्या शेवटच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता.

"गावात फोटोवाला नाही का?"

"आहे. पण सिद्धार्थने, म्हणजे आत्याच्या मुलाने, त्याला दम दिलाय. आईचा असला फोटो काढलास तर बघ म्हणून. अभद्र वाटतं त्याला."

"मिलिंद, मी माणसांचे फोटो काढत नाही."

"हो ना. पण स्मारकांचे काढता की," तो म्हणाला. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

उमापूरच्या अलीकडे

वीरगळ अगदीच थाप नव्हती. उमापूरच्या अलीकडे एका वस्तीवर, लिंबाच्या झाडाखाली एक दगड होता. मिलिंदने आदल्या दिवशी तिथल्या रामभाऊंना फोन करून ठेवला होता, की पुण्याहून साहेब दगडाचा फोटो काढायला येत आहेत. फोन केला नसता तर बरं झालं असतं.

कोवळं ऊन, मागे पांढऱ्या कापसाचं रान, आणि त्यापुढे चकचकीत ऑइलपेंटने रंगवलेला एक दगड. घोडा पांढरा. वीर निळा. तलवार चंदेरी. वरच्या टप्प्यात स्वर्गात बसलेल्या त्याच वीराला गुलाबी रंग दिलेला आणि सगळ्याला भोवतीने पिवळी किनार. रंग अजून ओला होता. शेजारी रामभाऊ धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे होते. त्यांच्यामागे वस्ती उभी होती.

"हे कुणी केलं?" माझा आवाज चिरकला.

"आमीच की," रामभाऊ खूश होऊन म्हणाले. "निस्ता काळा दगड हुता. तुमी एवढ्या लांबून येणार, आन् तसंच ठिवायचं? रातच्याला रंग कमी पडला म्हून घोड्याचं शेपूट ऱ्हायलंय तेवढं."

शतकानुशतकं ऊन-पाऊस खाल्लेला दगड, आणि त्यावर आता माझ्यामुळे ऑइलपेंट. मी कपाळाला हात लावला. पण त्या माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी बॅग उघडली. मी तिपाई लावली. लावल्याबरोबर सगळी वस्ती दगडाच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहिली, पुढची रांग उकिडवी बसली. मी म्हणालो, "जरा बाजूला होता का?" ते दगडाच्या आणखी जवळ सरकले. शेवटी मी बटण दाबलं. नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा हातात पडला, आणि गाडीत बसताना माझ्या पॅंटला निळा वीर लागला तो अजून निघालेला नाही.

दिंद्रुड

गेवराई, माजलगाव करत दिंद्रुडवरून आत गावात पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती. कौसाबाईंचं घर वस्तीच्या कडेला, पुढे पत्र्याचा मांडव, आत कोनाड्यात बुद्धमूर्ती आणि तिच्यापुढे ताजी शेवंती. बाई स्वतः दारात उभ्या होत्या. अंगाने एवढ्याशा, पण पाठ ताठ, जाड भिंगांचा चष्मा, आणि इस्त्रीची घडी न मोडलेलं पांढरं लुगडं. सकाळपासून त्याच लुगड्यात थांबल्या होत्या आणि घडी मोडू नये म्हणून बसल्या नव्हत्या, असं त्यांच्या सूनबाईंनी मला हळूच सांगितलं.

"हेच का फोटूवाले?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. नजर पॅंटवरच्या निळ्या डागावर थांबली. "आदी जेवा."

जेवण काय सांगावं! येसराची आमटी, चुलीवरची ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. पुण्यात आम्ही ठेचा म्हणून जो खातो तो लहान मुलांना द्यायला हरकत नाही. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कौसाबाई मिलिंदला म्हणाल्या, "हे तर आत्ताच रडायलेत. आपला फोटू कसा काढायचे?"

जेवताना त्यांनी आपली बाजू मांडली. यजमान गेले तेव्हा घरात रडारड, कुणाचं कशात लक्ष नव्हतं. पुतण्याच्या लग्नातल्या एका फोटोतून कुणीतरी यजमानांचा चेहरा कापून फ्लेक्सवाल्याला दिला. चेहरा छान आला. पण खांद्यावर एक हात राहून गेला. बोटात मोठी अंगठी घातलेला, अख्खा पंजा.

"त्यो हात कुणाचा? तर ज्याच्याशी बांधावरून आमच्या मालकांचं जलमभराचं वाकडं, त्याचा. लग्नात लोकांनी बळंच शेजारी हुबं केलतं दोघांना. जित्तेपनी ज्याला बांधावर पाय ठिवू दिला न्हाई, त्यो मेल्यावर महिनाभर चौकात ह्यांच्या खांद्यावर हात टाकून हुबा! येणारा-जाणारा इचारायचा, कुणाचा हात हाय? आन् त्यो माणूस बी रोज यायचा, चहा प्यायचा, स्वतःचा हात बघून जायचा."

मिलिंद हसून हसून ठसकला. मीही हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. "म्हून म्हणले, आपलं आपण आदीच बगून घ्यावं."

हात धुतल्यावर मी त्यांना माझ्या टॅबवर माझं काम दाखवलं, म्हणजे जरा विश्वास बसावा. बेल्जियमच्या कबरींच्या रांगा, धुक्यातलं बर्लिन, कंबोडियातली मुळांनी वेढलेली भिंत. त्यांनी एकेक फोटो चष्मा वर-खाली करत नीट पाहिला.

"एवढ्या लांब गेलतात?"

"हो."

"मग ह्यात माणूस एक बी कावून न्हाई? गाव उठून गेलतं का?"

मी नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वाक्य अर्ध्यावर सोडून कॅमेरा काढला.

आता मी माझ्या परीने जीव ओतला. बाईंना दाराजवळ बसवलं, उन्हाची तिरीप एका गालावर घेतली, दुसरी बाजू अंधारात सोडली, सुरकुती न सुरकुती उठून आली. असा फोटो स्पर्धेत पाठवला तर बक्षीस ठेवलेलं. मी अभिमानाने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

"आर्धं तोंड कुठं गेलं?"

"ते अंधारात आहे. त्यामुळे भाव उठतो."

"कावून? आर्धीच मेले का मी?" त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "आन् कान एकच हाय. लोकाला वाटंल म्हातारीचा एक कान तुटका हुता. दोन्ही कान दिसले पायजेत. आन् ह्या सुरकुत्या मोजाया बोलावलंय का तुमाला? वर जागा सोडा, तिथं नाव येतंय."

मी पुन्हा काढला. मान जरा वाकडी आली. पुन्हा काढला. डोळे मिटले. "मिटलेले डोळे नको, त्ये तर तसं बी मिटणारच हायत," त्या म्हणाल्या. घाम पुसत मी चौथ्यांदा तिपाई सरकवत होतो, तेवढ्यात मोटारसायकल मांडवात येऊन थांबली.

सिद्धार्थचं दिंद्रुडला खताचं दुकान आहे. सूनबाईंनी त्याला फोन केला असावा. पन्नाशीचा, भरदार, मिशीवाला गडी. मला नमस्कार केला, "सायेब, जेवण झालं का?" विचारलं, झालं म्हटल्यावर म्हणाला, "मग कॅमेरा आत ठिवा." आणि मिलिंदकडे वळला. "काय बे मिल्या, तुला कुणी सांगितलं हुतं ह्यांना आणायला?"

"आत्यानं," मिलिंद सूनबाईंच्या मागे सरकत म्हणाला.

"आई, असलं अभद्र ह्या घरात चालणार न्हाई."

"अभद्र?" कौसाबाई कडाडल्या. "छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, तवापासून ह्या घरात कुणी मुहूर्त बगितला न्हाई. तुझं लगीन लोकाच्या अमावास्येला लावलं. आन् आज तुला फोटूचा अपशकुन व्हायलाय?"

"तू बरी हून येणार हायस. मग फोटू कशाला?"

"बरी हून आले तर ठिव पेटीत. लोणचं घालतो ते काय त्याच दिवशी खायाला? फोटू न्हाई तर दवाखाना बी न्हाई. लावा तुमचं ऑपरेशन कुणाला लावायचं त्याला."

सिद्धार्थ मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. "तसल्या फोटूत तू बसलीस की मला पुढचं सगळं दिसायलंय, आई," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मला तिपाईची पट्टी सोडावी की आवळावी ते कळेना. मग कौसाबाई उठल्या. आवाज एकदम उतरला होता.

"तुझ्या बाच्या येळंला तू रडत बसला हुतास. दोन दिस जेवला न्हाईस. फोटू कुणी निवडला तुला पत्त्या न्हवता. माझ्या येळंला बी तसंच करशील, ठावं हाय मला. त्या टायमाला फोटू हुडकत फिरायचा ताण तुला नको, म्हून करायले बाबा. मला काय, कसला बी लावा."

सिद्धार्थ घरात गेला. मला वाटलं, आता आपण बॅगा भराव्यात. पण तो ओलं फडकं घेऊन बाहेर आला. आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, दोन्ही भिंगं पुसली, परत घातला. केस कानामागे सारले, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. पदर सरळ केला. खुर्ची उचलून निळ्या चुन्याच्या भिंतीपाशी, सपाट उजेडात ठेवली, आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आई, हिकडं बग."

त्यांनी बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे. मी बटण दाबलं. लेन्सला बाष्प आलं म्हणून मी रुमाल काढला, तर लेन्स कोरडी होती. मला त्या माय-लेकांचं फार प्रेम वाटलं आणि माझी आई आठवली, हे इथं सरळ लिहून टाकतो.

कौसाबाईंनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. दोन्ही कान होते. "जमलं," म्हणाल्या. "पर डबीतलं मला पटत न्हाई. कागदावर दाखवा."

सिरसाळा

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी वरात सिरसाळ्याला. गावच्या फोटोवाल्यावर सिद्धार्थच्या धमकीचा असर अजून बाकी होता, तो कॅमेऱ्याचं नाव काढलं की शटर ओढायचा. सिरसाळ्याला बाजारपेठ मोठी, स्टुडिओ चांगला. मालक गृहस्थ हौशी होते. मी माझ्या फोटोबद्दल दोन शब्द बोलेपर्यंत त्यांनी तो संगणकावर घेऊन कौसाबाईंना गोरं केलं होतं, सुरकुत्या पुसल्या होत्या, ओठांना लाली दिली होती. आत्या आता सूनबाईंच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसू लागल्या.

"ही कोण?" आत्यांनी विचारलं.

"तुमीच की मावशी."

"मग मी कोण?"

मालकांनी निमूटपणे सुरकुत्या परत आणल्या. पण उमेद सोडली नाही. निळी भिंत लई साधी दिसते म्हणाले, आणि खटकन भिंत गेली. कौसाबाईंच्या मागे बर्फाचे डोंगर आले, हिरवंगार कुरण आलं, कुरणात गाय आली. तो डोंगर मी ओळखला. त्याच्या पायथ्याशी मी थंडीत कुडकुडत सकाळ काढली होती, फ्रेममधून एक गाय बाहेर जावी म्हणून. इथं ती गाय आत्याच्या खांद्यामागून आमच्याकडे बघत होती.

"हा स्वित्झर्लंडमधला डोंगर," मी जाणकारपणे म्हणालो. "मी गेलोय तिथं."

"मग तुमच्या फोटूला लावा," कौसाबाई म्हणाल्या. "मी कुठं गेलते? लोक इचारतील, म्हातारी कुठं जाऊन मेली."

सिद्धार्थ मोठ्याने हसला. कालपासून पहिल्यांदाच हसला आणि हसताना आईचं मनगट धरून ठेवलं. भिंत परत आली. फोटो कागदावर उमटला. आत्यांनी तो पदरात गुंडाळला, बाजारातून स्वतःसाठी पेरू घेतले, आणि परतीच्या वाटेवर गाडीत खिडकीशी बसून पेरू खाता खाता सांगितलं, "बुधवारी न्या मला."

पुन्हा पुणे

नेलं. मी घरी येऊन ठेच्याचे परिणाम निस्तरत होतो, तरी मिलिंदला रोज फोन करत होतो. बायकोला आश्चर्य वाटलं. कंबोडियाहून आल्यावर मी कुणाला फोन केला नव्हता. गाठ निघाली, तपासणीत साधीच ठरली, टाके भरत आहेत, अशा बातम्या आल्या. मी निश्चिंत झालो.

आणि मग एका सकाळी मिलिंदकडून मोबाइलवर नुसता एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही. गावाचा चौक, आणि चौकात विजेच्या खांबाला बांधलेला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर कौसाबाई. माझाच फोटो. वर नावासाठी सोडलेली जागा आता भरलेली होती. मी तसाच खुर्चीत बसलो. बायको धावत आली, पाणी दिलं, चष्मा दिला. चष्मा लावून अक्षरं मोठी करून वाचली.

'शस्त्रक्रिया यशस्वी करून सुखरूप घरी परतल्याबद्दल आमच्या मातोश्रींचे हार्दिक स्वागत!' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला सिद्धार्थ, आणि त्याच्याखाली समस्त गावकरी.

मी आनंदाने ओरडलोच. ताबडतोब मिलिंदकडून नंबर घेऊन आत्यांना फोन लावला. अभिनंदन केलं. फोटो कसा शोभून दिसतोय ते सांगितलं. पलीकडून आवाज आला तो तापलेला होता.

"कसलं शोभणं! ह्या येड्याला हौस आवरली न्हाई. जपून ठिवलेला फोटू लावून टाकला चौकात. आठ दिस झाले, सगळं गाव बगायलंय."

"मग बिघडलं काय?"

"बिघडलं न्हाई तर काय! आता त्या टायमाला परत त्योच लावला, तर वाचतंय कोण? लोक लांबूनच बगून म्हणतील, म्हातारी पुन्यांदा बरी हून आली. तवा तुमचा कॅमेरा घिऊन या, आन् ह्या बारीला लुगडं निळं हाय."